साफ झालं असं म्हणायचं कुणी? स्प्रिंग व्हॅलीचं प्रकरण, आमच्या वावरातून बघताना

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या वावरात शेततळ्याचं काम काढलं होतं. जागा नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या, म्हणजे तोफखान्याच्या लष्करी छावणीच्या, पलीकडची, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जेसीबी पाच-सहा फूट खाली गेला आणि बकेटला काहीतरी लागलं, ड्रायव्हरला वाटलं धोंडा असेल, त्याने परत बकेट घातलं आणि मुरमासोबत वर आलं ते गंजून तपकिरी झालेलं, हातभर लांब, एका टोकाला निमुळतं, आणि बुडाच्या जरा वर तांब्याची हिरवी पडलेली पट्टी. ड्रायव्हर त्याच भागातला पोरगा. पट्टी बघितली, मशीन बंद केलं, उडी मारली आणि जो पळाला तो थेट डांबरी रस्त्यावर जाऊन थांबला. अशी पट्टी तोफेच्या गोळ्याला असते, नळीच्या आतल्या आट्यांमध्ये ती घट्ट बसते म्हणून गोळा फिरत फिरत बाहेर पडतो. आमच्याकडच्या पोरांना हे शाळेत शिकवत नाहीत, ऐकून ऐकूनच माहीत असतं.

पुढचं सगळं रीतसर झालं आणि ते मी आधीच सांगतो, कारण मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. पोलीस पाटलांना फोन गेला, पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं, मग लष्कराची माणसं आली, सगळ्यांना लांब केलं, वाळूच्या गोण्या लावल्या, वस्तू हलवली, पंचनामा झाला. माणसं नीट बोलली, वेळेवर आली. मामी तेवढ्यात म्हणाल्या, पोरं सकाळी त्याच खड्ड्यात उतरून खेळत होती, आणि त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

चार दिवसांनी मामांनी विचारलं, "एक निघाला ते ठीक हाय रे, पन बाकीची जमीन साफ हाय असं कोन लिहून देनार?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी आणि मामा तीन ऑफिसं फिरलो. एकाने सांगितलं हा पोलिसांचा विषय, दुसऱ्याने सांगितलं वस्तू निघाली, पंचनामा झाला, आमच्याकडून प्रकरण संपलं, तिसऱ्याने सांगितलं ही जमीन हद्दीच्या बाहेर आहे. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण मामांचा प्रश्न तिघांपैकी कुणाच्याच टेबलावर बसत नव्हता, आणि तेव्हापासून मी हे वाचायला लागलो की जिथे लष्कराने जमीन वापरली आणि नंतर तिथे साधी माणसं राहायला आली तिथे हा प्रश्न कुणाच्या टेबलावर असतो. वाचता वाचता एक प्रकरण असं सापडलं की ते पूर्ण लिहून काढल्याशिवाय राहवेना. अमेरिकेतलं आहे, राजधानी वॉशिंग्टनमधलं, आणि बऱ्यापैकी श्रीमंत वस्तीतलं. मला वाटतं म्हणूनच ते इतकं तपशिलात नोंदलं गेलं.

वॉशिंग्टनच्या वायव्येला स्प्रिंग व्हॅली नावाचा भाग आहे. मोठी घरं, झाडी, वकिलाती, शेजारीच अमेरिकन युनिव्हर्सिटी. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ ला उतरली तेव्हा हा सगळा भाग जवळपास मोकळा होता, युनिव्हर्सिटीने आपली जागा सरकारला वापरायला दिली आणि तिथे विषारी वायूंवर संशोधन सुरू झालं. सुरुवातीला काम खाण खात्याकडे होतं, १९१८ मध्ये ते लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागाकडे गेलं. मस्टर्ड गॅस, फॉस्जीन, आर्सेनिक असलेलं ल्युईसाईट, असले पदार्थ बनवायचे, गोळ्यांत भरायचे आणि तिथेच मोकळ्यावर उडवून बघायचे. आज लष्कर जो पट्टा या प्रकरणात मोजतं तो ६६१ एकरांचा आहे.

त्या वेळीही शेजाऱ्यांना त्रास झालाच. १९१८ च्या ऑगस्टमध्ये वायूचा एक ढग उडत उडत नेथन स्कॉट नावाच्या माजी सिनेटरच्या घरावर गेला आणि त्या घरातल्या लोकांना बाधा झाली. माजी सिनेटर असल्यामुळे ते पेपरात आलं. आणखी कुणाकुणाच्या नाकात गेलं असेल ते पेपरात यायचं काही कारण नव्हतं.

युद्ध संपलं, संशोधन केंद्र बंद झालं, माणसं गेली. उरलेल्या मालाचं काय केलं? या एका प्रश्नावर पुढची शंभर वर्षं गेली आहेत. १९२१ मध्ये युनिव्हर्सिटीच्याच नियतकालिकात एक मजकूर छापून आला होता की सुमारे ८ लाख डॉलर किमतीचा दारूगोळा युनिव्हर्सिटीच्या जमिनीच्या टोकाला खड्डा करून पुरला आहे. छापून आलेला मजकूर. कुणी लपवलेला नव्हता, कपाटात पडून होता. आणि एका सैनिकाचा त्या काळातला एक फोटो आहे, त्यात खड्ड्याच्या काठाशी एक माणूस उभा आहे, आजूबाजूला मोठाल्या बरण्या, आणि सैनिकाने त्यावर लिहून ठेवलंय की या बरण्यांत मस्टर्ड आहे, इथे नष्ट करायच्या आहेत, या खड्ड्याला आम्ही नरक म्हणतो. हा फोटो पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून लक्षात ठेवा.

मग घरं झाली. एकावर एक प्लॉट पडले, रस्ते आले, झाडं मोठी झाली आणि खाली काय आहे हे माहीत असलेली पिढी संपली.

१९८६ मध्ये युनिव्हर्सिटीला क्रीडासंकुल बांधायचं होतं आणि त्यांनी बांधकामाच्या आधी जुने कागद काढले. हे त्यांनी चांगलं केलं. लष्कराला कळवलं, पर्यावरण संरक्षण संस्थेला म्हणजे ईपीएला कळवलं. लष्कराने कागद तपासले आणि निष्कर्ष काढला की मोठ्या प्रमाणात पुरल्याचा पुरेसा पुरावा नाही. शेजारच्या रहिवाशांना कुणी काही सांगितलं नाही. इथे मला पहिल्यांदा थांबावंसं वाटतं, कारण तपासलेले कागद लष्कराचे, तपासणारं लष्कर, आणि पुरावा पुरेसा की अपुरा हे ठरवणारंही लष्करच. वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या गाठीचा पैसा जाणार तोच मोजायला बसला की माप नेहमी त्याच्याच बाजूला झुकतं, हे आपल्याला बाजार समितीत काट्यावर उभं राहिल्याशिवायही कळतं.

५ जानेवारी १९९३. एका नवीन बांधकामाजवळ पाइपलाइनसाठी चर खणणाऱ्या कामगारांना गोळे सापडले. अगदी मामांच्या जेसीबीसारखं. लोकांना घरं सोडायला लावली, लष्कराची पथकं उतरली आणि महिन्याभराच्या आत १४१ वस्तू बाहेर काढल्या, त्यातल्या काहींत रासायनिक विष असण्याचा संशय होता. देशाच्या राजधानीत, अध्यक्षांच्या घरापासून काही मैलांवर.

आता सरकारी व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लष्कराने आधी वापरलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या जागांसाठी एक वेगळा कार्यक्रम केलाय. अशा जागा दहा हजारांच्या आसपास आहेत. त्यांची सफाई करायची जबाबदारी आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, म्हणजे लष्कराच्याच इंजिनिअरिंग शाखेकडे. जी जागा देशातल्या सगळ्यात घातक जागांच्या यादीत असते तिथे ईपीएचा शब्द वजनदार असतो, सफाईसाठी तिच्याशी लेखी करार करावा लागतो. पण या जुन्या जागांपैकी बहुतेक त्या यादीत नाहीत, स्प्रिंग व्हॅलीही नव्हती, आणि तिथे लष्कराच्या कामावर नजर ठेवायची ती राज्याच्या पर्यावरण किंवा आरोग्य खात्याने. वॉशिंग्टन हे राज्य नाही, त्यामुळे राज्याची भूमिका तिथल्या शहर सरकारवर आली. आणि शहराच्या आरोग्य खात्याकडे गाडलेल्या बॉम्बचा अनुभव असणार तरी कसा. म्हणजे कागदावर तपासणारा होता, पण तपासायला लागणारी माणसं, पैसा आणि जुने नकाशे हे सगळं ज्याला तपासायचं त्याच्याच हातात.

१९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं कोअरने पाहणी केली. जुन्या नोंदी आणि विमानातून काढलेल्या फोटोंवरून पन्नासेक संशयित जागा ठरवल्या, जवळपास ५०० मालमत्तांवर धातू शोधणारी यंत्रं फिरवली, आणि जून १९९५ मध्ये सही करून निर्णय दिला की यापुढे काही करायची गरज नाही. फाईल बंद. लोकांना वाटलं सुटलो. घरांची खरेदी-विक्री परत सुरू झाली, नवीन घरं बांधली गेली. अमेरिकेतही सही-शिक्क्याचा कागद बघितला की माणूस निर्धास्त होतोच.

पुढच्याच वर्षी, १९९६ ला, त्याच भागात ग्लेनब्रूक रोडवर एका बंगल्याच्या आवारात झाड लावायला खड्डा खणणाऱ्या बागकाम करणाऱ्यांना जमिनीतून वास आला, डोळे चुरचुरले, आणि मातीत जुन्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटल्या सापडल्या. इथे एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे कुणी डिटेक्टर घेऊन आलं तर विचारण्यासारखी आहे. धातू शोधणारं यंत्र फक्त धातूच शोधतं. काच त्याला दिसत नाही. काचेच्या बरणीत मस्टर्ड भरून पुरलं असेल तर यंत्र वरून शांतपणे निघून जातं आणि अहवालात त्या जागेसमोर काही नाही असं लिहिलं जातं. आणि यंत्र हे अमुक खोलीपर्यंतच बघतं, वस्तू जेवढी छोटी तेवढं कमी खोल. त्यामुळे इथे काही नाही हे वाक्य नेहमी अर्धं असतं, ते पूर्ण करायचं तर म्हणावं लागतं की या यंत्राला, इतक्या खोलीपर्यंत, या या प्रकारचं काही दिसलं नाही. १९९५ च्या निर्णयाने लोकांच्या हातात अर्धंच वाक्य दिलं होतं.

फाईल परत कुणी उघडली? शहराच्या आरोग्य खात्याने. तिथल्या पर्यावरण विभागातल्या माणसांनी कोअरचे अहवाल नुसते वाचून बाजूला ठेवले नाहीत, तर जुने फोटो परत काढून बसले, जागा परत जुळवून बघितल्या आणि लेखी आक्षेप घेतला की तुमचं काम अपुरं आहे आणि काही ठिकाणी चुकलेलं आहे. मी वर ज्या फोटोबद्दल लक्षात ठेवा म्हटलं तो इथे येतो. त्या फोटोतला खड्डा नेमका कुठे, याचा कोअरने अंदाज बांधून एक जागा ठरवली होती, तिथे यंत्र फिरवलं होतं, काही सापडलं नव्हतं. शहराने आग्रह धरल्यावर परत तपासलं आणि १९९८ मध्ये कोअरने मान्य केलं की जागाच चुकीची धरली होती. खड्डा तिथे नव्हताच, बाजूला होता. म्हणजे जिथे काही नव्हतं तिथे शोधलं, काही सापडलं नाही, आणि त्यावरून साफ आहे असं लिहिलं.

बाजूच्या जागेवर त्या वेळी दक्षिण कोरियाच्या राजदूतांचं निवासस्थान होतं. १९९९ पासून तिथे खणायला सुरुवात झाली. पुरलेले खड्डे निघाले आणि त्यातून ६०० पेक्षा जास्त वस्तू, काहींमध्ये अजून मस्टर्ड होतं. ऐंशी वर्षं मातीत राहूनही. जुना झाला म्हणजे थंड झाला, हा समज आपल्या गावांमध्येही आहे, भंगार वेचणाऱ्यांचा तर आहेच, आणि तो चूक आहे. गोळ्याचा पिन गंजतो, स्फोटक मात्र तसंच राहतं, आणि मस्टर्ड तर बाहेरून कवच धरतं आणि आत ताजं राहतं.

गोळ्यांच्या पाठोपाठ माती आली. ल्युईसाईटमध्ये आर्सेनिक असतं, विष विरघळून गेलं तरी आर्सेनिक मातीत तसंच राहतं, त्यामुळे मातीचे नमुने घेणं हा जुना वापर ओळखायचा एक मार्ग झाला. नमुने घेतले तर युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या लहान मुलांच्या पाळणाघराच्या अंगणात आर्सेनिक जास्त निघालं आणि २००१ च्या सुरुवातीला पाळणाघर तिथून हलवावं लागलं. जे अंगण १९९५ च्या निर्णयानंतर साफ समजलं जात होतं त्याच अंगणात मुलं माती खेळत होती. मामींचं ते एक वाक्य मला हे वाचताना परत परत ऐकू येत होतं.

२००१ मध्ये वातावरण एकदम तापलं. १९८६ पासून लष्कराला आणि ईपीएला काय माहीत होतं हे बाहेर आलं, रहिवासी चिडले, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, हिशेब तपासणाऱ्या संस्थेने म्हणजे जीएओने २००२ मध्ये अहवाल दिला, तोवर ५ कोटी डॉलरच्या वर खर्च होऊन गेला होता आणि अजून किती लागतील याचा आकडा दर वेळी वाढत होता. पण मला यातली सगळ्यात कामाची वाटली ती पुढे बसवलेली साधी व्यवस्था. कोअर, ईपीए आणि शहराचं आरोग्य खातं हे तिघं एका टेबलावर नियमित बसायला लागले आणि निर्णय तिघांच्या सल्ल्याने व्हायला लागले. रहिवाशांचं सल्लागार मंडळ २००१ मध्ये झालं, त्यात त्या गल्लीत राहणारी साधी माणसं होती, त्यांना नकाशे मिळायचे, प्रश्न विचारता यायचे, उत्तरं नोंदवली जायची. शहराने शास्त्रज्ञांची स्वतःची समिती नेमली म्हणजे लष्कराच्या शास्त्रज्ञावर सगळं सोडायची वेळ येऊ नये. आणि मातीत आर्सेनिक किती चालेल याची एक मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवली, दहा लाख भागांत २० भाग, मग दीड हजारांच्या वर मालमत्तांची माती तपासली, जिथे जास्त निघालं तिथली माती काढून नवीन टाकली. काही जुन्या मोठ्या झाडांच्या मुळाशी खणता येत नव्हतं तिथे आर्सेनिक शोषून घेणारे नेचे, म्हणजे फर्न, लावले. एका बॉम्बच्या प्रकरणात नेच्याची रोपं हातात धरलेली माणसं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

ग्लेनब्रूक रोडवरचं एक घर मात्र इतक्या वाईट जागेवर होतं की शेवटी २०१२ च्या अखेरीला ते पाडायला सुरुवात झाली. १९९० च्या दशकात बांधलेलं घर. नंतर त्याच्या जागेवर मोठा तंबू उभारून, आतली हवा गाळून, थोडं थोडं खणत गेले. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये काम करणाऱ्या काही जणांना त्रास झाला, दवाखान्यात न्यावं लागलं, काम थांबवलं, पद्धत बदलली, परत सुरू केलं. एका घराच्या प्लॉटसाठी इतकी वर्षं. बाकी परिसराचा अंतिम निर्णय २०१७ मध्ये झाला, म्हणजे पहिल्या सापडलेल्या गोळ्यापासून चोवीस वर्षं.

आरोग्याचं काय झालं तेही लिहितो, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २००७ मध्ये या वस्तीच्या आरोग्याची पाहणी करून सांगितलं की एकंदर लोकांचं आरोग्य चांगलं आहे. काही रहिवाशांना ते पटलं नाही, आपल्या गल्लीतल्या आजारांची यादी घेऊन ते बसले होते. श्रीमंत वस्ती, चांगले डॉक्टर, चांगलं खाणं, त्यामुळे सरासरी चांगली येणारच, आणि एका गल्लीचं दुखणं सरासरीत दिसत नाही. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात.

मग हे प्रकरण चुकलं कुठे? मला विचाराल तर १९९५ मध्ये. १९१८ ला पुरलं तेव्हा त्यांना जेवढी अक्कल होती तेवढी त्यांनी वापरली, त्या काळात सगळीकडे पुरायचीच पद्धत होती. १९८६ ला ढिलाई झाली. पण १९९५ ला गोळे निघालेले होते, लोक घाबरलेले होते, पैसा होता, यंत्रं होती, आणि तरी चूक झाली, कारण साफ करणारा आणि साफ झालं म्हणणारा एकच होता आणि दुसऱ्या कुणाकडे तो नकाशा उलटून बघायची ताकद नव्हती. ती ताकद आली कुठून, तर आरोग्य खात्यातल्या दोन-चार माणसांनी फोटो परत बघितला. कायदा तोच होता. १९९५ ला जो कायदा होता तोच १९९८ ला होता. फरक एवढाच की तपासणाऱ्याच्या खुर्चीत कुणीतरी खरोखर बसलं. म्हणून मला नुसता नवीन कायदा करा म्हणणाऱ्यांचं पूर्ण पटत नाही. कायदा पाहिजेच, पण तपासणाऱ्याला स्वतःचा तज्ज्ञ, स्वतःचा खर्च आणि नकाशाची स्वतःची प्रत नसेल तर त्याची सही म्हणजे फक्त दुसरी सही.

आपल्याकडे येऊ आता. देवळालीला ब्रिटिशांच्या काळापासून लष्करी छावणी आहे, तोफखान्याचं प्रशिक्षण तिथे चालतं, रेंजवर आजही सराव होतो आणि देशाला तो लागतोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच रेंजवर सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, ती बातमी आली तेव्हा नाशिकरोडपासून भगूरपर्यंत सगळ्यांच्या घरात चुटपुट होती. आमच्या गावातल्या कुणालाही तोफखाना नको असं वाटत नाही, अर्ध्या गावाचं पोट त्या छावणीवर आहे. पण सरावाच्या जमिनीबद्दल आपल्याकडे मुख्य कायदा आहे तो १९३८ चा, लष्करी सराव आणि गोळीबाराचा. राज्य सरकारने जागा अधिसूचित करायची, सराव चालू असताना धोक्याच्या पट्ट्यातून लोकांना बाहेर ठेवायचं, पिकाचं-मालमत्तेचं नुकसान झालं तर कलेक्टरने नेमलेल्या महसूल अधिकाऱ्याने भरपाई ठरवायची, असा त्याचा सगळा रोख आहे. सराव चालू असतानाचा कायदा आहे तो. सराव संपल्यावर पन्नास वर्षांनी जेसीबी चालवणाऱ्याचा विचार १९३८ ला कुणी केला असेल अशी अपेक्षाही नाही.

काश्मीरमधल्या तोसामैदानचं उदाहरण देशातलंच आहे. बडगाम जिल्ह्यातलं कुरण, १९६४ पासून तोफांच्या सरावाला, २०१४ ला मुदत संपली, गावकऱ्यांनी मुदत वाढू दिली नाही, अनेक वर्षांत अनेक माणसं आणि गुरं न फुटलेल्या गोळ्यांनी गेली होती. मग लष्कराने सफाई मोहीम केली, २०१६ ला कुरण पर्यटकांसाठी उघडलं. मेहनत झाली यात शंका नाही. पण तिथेही साफ करणारा आणि साफ झालं म्हणणारा तोच.

मामांच्या वावरावर परत येतो, कारण खोलीचा मुद्दा मला इथे येऊन नीट कळला. जगभर भूसुरुंग आणि गोळे काढणाऱ्यांचे जे मानक आहेत त्यात जमीन परत देताना लिहावं लागतं की कुठून कुठपर्यंत आणि किती खोलीपर्यंत साफ केली. आता आमच्याकडे बघा. कांदा लावायचा तर वीतभर मातीशी काम. द्राक्षाचा मांडव उभा करायचा तर खांबाला आणि ताणाला दोन-अडीच फूट खड्डे, एका एकरात शेकड्याने. शेततळं म्हणजे पंधरा फूट. त्यामुळे अधिकाऱ्याने एका ओळीत जमीन सुरक्षित असं लिहून दिलं तरी शेतकऱ्याला ते पुरत नाही, कशासाठी सुरक्षित ते पाहिजे. उद्या मामांनी हीच जमीन कुणाला एनए, म्हणजे बिगरशेती, करून विकली आणि त्यावर पाया खणला गेला तर परत वेगळी खोली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, बोअरची असते, झाडांची असते. इथे अमुक साली गोळा निघाला होता, ही नोंद कुठेच नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात आहे, आणि पंचनामा पुढच्या खरेदीदाराला कोण दाखवणार.

शेवटी आम्ही एक अर्ज केला. पोलीस पाटील, मामा, मी आणि शेजारच्या दोन गटांचे खातेदार, रविवारी मामांच्या ओट्यावर बसून लिहिला, तीन वेळा खाडाखोड झाली. आधी त्यात फार राग होता, पाटील म्हणाले राग काढा, प्रश्न ठेवा, रागाला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. मग राहिले ते एवढेच. ज्या गटात वस्तू निघाली त्याच्या चारही बाजूंच्या गटांची पाहणी कोण करणार आणि त्याचा खर्च कुणाचा. पाहणी केल्यावर कुठपर्यंत आणि किती खोल बघितलं ते लेखी मिळेल का. ज्याने पाहणी केली त्याच्याशिवाय दुसरं कुणी, महसुलाचं किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचं, त्यावर सही करेल का. आणि ही नोंद गावच्या दप्तरात राहील का. सोबत पंचनाम्याची झेरॉक्स, गटाचा नकाशा, त्यावर मामांनी स्वतः लाल पेनाने केलेली फुली.

टेबलावरच्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "असा अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय, कुठल्या शाखेला पाठवू ते साहेबांना विचारते," आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली. मामांनी ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावली आहे.

शेततळं अजून अर्धंच आहे. यंदाच्या पावसात त्यात कमरेएवढं पाणी साचलं, मामांनी कडेने काटेरी कुंपण घातलं, आणि पोरांना सांगून ठेवलंय की जेसीबीने काढलेल्या त्या मुरमाच्या ढिगाला हात लावायचा नाही. ढीग अजून कुणी तपासलेला नाही.